भिंतीपलीकडच्या माश्या

"सध्या काय चाललंय?" असं कुणी विचारलं, की तो सरळ सांगायचा, "माश्या मारतोय."

ऐकणारा हसायचा. रिकामटेकडी माणसं माश्या मारतात असं जग समजतं. पण शहर संपून मोकळी रानं सुरू होतात त्या टोकाला त्याचा तबेला होता, आणि उन्हाळ्याचे दिवस आले की त्याच्याइतका कामात बुडालेला माणूस त्या अख्ख्या वस्तीत सापडला नसता. तबेल्यात आठ-नऊ जनावरं. काही गाडीला जुंपायची, काही रपेट शिकायला येणाऱ्या मुलांसाठी, आणि एकदोन नुसती म्हातारी, ज्यांना दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

माशीशी त्याचं जुनं वैर होतं. सकाळ-संध्याकाळ लीद उचलायची, तीही खराट्याने जमीन उघडी पडेपर्यंत. मुताने भिजलेला पेंढा काढून कोरडा टाकायचा. हौदाचं पाणी शिळं होऊ द्यायचं नाही, नाहीतर डासांचं आयतं फावतं. दाराखिडक्यांना बारीक जाळ्या. प्रत्येक ठाणावर पंखा, कारण वाऱ्यात माशीला नीट बसता येत नाही. कुरणाच्या कडेला त्याने एक मोठा काळा चेंडू टांगला होता. उन्हात तापून तो झुलायला लागला, की घोडमाश्यांना ते जनावर वाटायचं. त्या चेंडूवर धडकायच्या, वर उडायच्या आणि वरच्या कापडी टोपात अडकून पडायच्या. अंगाला चोपडायची उग्र वासाची तेलंही त्याच्याकडे होती, पण त्याच्या लेखी ती वरवरची मलमपट्टी. तो म्हणायचा, "माशी बसते तिथे मारून काय उपयोग? जन्मते तिथे गाठायला हवी."

त्याची बायको म्हणायची, "यांच्या स्वतःच्या नाकावर तर माशी बसत नाहीच, पण घोड्याच्या नाकावर बसलेलीही यांना खपत नाही."

ते खरंच होतं. माणूस मनाने वाईट नव्हता, पण तापट. एकदा शब्द तोंडातून गेला की तो मागे घेणं त्याला जमायचं नाही. आणि मागे घेता येत नाही म्हणून मग तो त्या शब्दाच्या बाजूने भांडत राहायचा.

त्या वर्षी मात्र कुठेतरी माशी शिंकली. सगळं नेहमीसारखं चालू असूनही माश्या वाढत गेल्या. उन्हाळा सरत आला होता, हवा कुंद, झाडाचं पान हलत नव्हतं. दिवसभर तबेल्यातून पाय आपटल्याचे आवाज येत. चावऱ्या माश्या घोड्यांच्या पायांना डसत, आणि संध्याकाळी तो गुडघ्यांवर बसून एकेक पाय पुसायला घेई तेव्हा ओल्या फडक्यावर रक्ताचे ठिपके उमटत. चिकट पट्ट्या टांगाव्यात तर दुपारपर्यंत काळ्या होत. खाणं सोडून घोडे माना झटकत उभे राहत. एक तरणा घोडा तर सारखा भिंतीला अंग घासून जखमी झाला.

आणि मग कवडीचा डोळा आला.

कवडी ही त्याची सगळ्यांत जुनी घोडी. पांढरट अंगावर राखाडी ठिपके, स्वभाव एखाद्या आत्याबाईसारखा, सगळ्यांवर हुकूम चालवणारा. तिला त्याने शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. आधी तिच्या डाव्या डोळ्यातून नुसतं पाणी यायचं. त्या पाण्यावर माश्या बसायच्या. माश्या बसल्या की ती डोळा ठाणाच्या चौकटीला घासायची, आणि घासलं की आणखी पाणी. त्याने डोळे झाकणारी जाळी तिच्या तोंडावर बांधली, तर तीही तिने घासून फाडली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पापणी उलटून, दिव्याचा झोत टाकून बराच वेळ डोळा पाहिला.

"फूल पडतंय बुबुळावर," त्या म्हणाल्या. "औषध देते. तासातासाने घालावं लागेल. पण मी घालून जाईन आणि मागून माश्या घाण आणून ठेवतील, असं असेल तर औषधाला काय अर्थ?"

"आमच्याकडे लीद एक दिवस राहत नाही, बाई. तुम्ही कोपरा न् कोपरा बघा."

"बघितला. इथे काही नाही." डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, अंगणात उभ्या राहिल्या आणि मागच्या उंच भिंतीकडे बोट केलं. भिंतीच्या माथ्यावर माश्यांचा एक पातळ ढग सतत उठत होता आणि बसत होता. "त्या बाजूला काय आहे?"

बायकोनेच सांगितलं, "यांच्या थोरल्या भावाचा गोठा."

"मग त्यांना जाऊन सांगा की," बाई पिशवी आवरत म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

त्याच्या दृष्टीने तो फार वर्षांपूर्वी संपला होता.

ती भिंत मुळात नव्हतीच. वडिलांच्या काळी एकच आवार होतं, एका अंगाला गायी, दुसऱ्या अंगाला घोडे. वडील गेले आणि थोरला म्हणाला, आता घोडे काढून टाकू. गायींवर पोट चालतं, घोडे ही नुसती हौस. धाकटा भडकला. शब्दाला शब्द वाढत गेला. वहिनी मधे पडली.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको, पण धाकट्यासाठी ती तेवढीच नव्हती. ती या घरात आली तेव्हा तो शाळेत जायचा, आणि आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तापात उशाशी ती बसली, शाळेत मास्तरांशी ती भांडली, वडिलांच्या मारापासून तिने वाचवलं. तो तिला लहानपणापासून "अगं वहिनी" म्हणायचा, एकेरीत, आईला म्हणावं तसं.

त्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती, "दोघं जरा गप्प बसा. मी सांगते काय करायचं ते."

आणि तो तिच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही मधे बोलू नका. तुम्ही बाहेरच्या."

ती गप्प झाली ती झालीच. पुढे आवार वाटलं गेलं, भिंत उभी राहिली. दोन्ही घरांची दारं वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडत, त्यामुळे तोंडाला तोंड पडायचंही कारण उरलं नाही.

डॉक्टरीणबाई गेल्यावर बायको म्हणाली, "जा आता. घोडीसाठी तरी जा."

"बोलायचंच असतं तर एवढी भिंत कशाला घातली असती?"

"भिंत माणसांसाठी घातलीत. माश्यांना कुणी सांगितलंय?"

दोन दिवस त्याने धुसफुशीत काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी कवडीने औषध घालू दिलं नाही. ती मान वर करून थरथरत उभी राहिली, आणि तिच्या डोळ्याच्या कडेला माश्या ओळीने बसलेल्या त्याने पाहिल्या, पाणवठ्यावर जनावरं बसावीत तशा. त्याने फडकं जमिनीवर आपटलं, पायात चपला सरकवल्या आणि लांबच्या रस्त्याने वळसा घालून तो थोरल्याच्या फाटकाशी गेला.

फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत शिरताच वासाने त्याला दोन पावलं मागे रेटलं. भिंतीला लागून शेणाचा ढीग भिंतीच्या उंचीला आला होता. वरून पापुद्रा धरलेला, खालून ओला. त्याने पडलेल्या काठीने तो टोचला. पापुद्रा फुटला आणि आतून पांढऱ्या अळ्यांची वळवळ सांडली. पलीकडे गायी उभ्या होत्या, पोटापर्यंत बरबटलेल्या, शेपट्या मारून मारून थकलेल्या. गव्हाणीत वाळलेली वैरण तशीच.

हा गोठा कधी काळी आरशासारखा असायचा. थोरला जमिनीवर पाणी सांडलं तरी खेकसायचा. ते आठवलं आणि त्याचा राग आणखीच वाढला. म्हणजे हे मुद्दाम चाललंय. माझ्या भिंतीला मुद्दाम आणून लावलंय.

"दादा!" तो ओरडला. "दादा, बाहेर ये!"

दाराचा पडदा हलला. थोरला बाहेर आला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा. डोळे लाल. धाकट्याला बघून त्याला आश्चर्य वाटलं असेल, पण आश्चर्य वाटून घ्यायचंही त्राण त्याच्यात दिसत नव्हतं.

"हळू बोल," तो म्हणाला. "आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय."

"कुणाचा?"

थोरल्याने पडदा बाजूला धरला आणि तसाच धरून उभा राहिला.

आतली खोली अंधारी आणि तापलेली होती. खिडक्या बंद, फटींमध्ये कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या, तरीही माश्या होत्याच. छतावर, दिव्याच्या तारेवर, औषधाच्या बाटल्यांवर. पलंगाच्या वर मच्छरदाणी गुंडाळून टाकलेली होती, आणि खाली वहिनी होती. ती उताणी पडली होती, इतकी लहान झालेली की चादरीखाली अंग आहे की नाही असं वाटावं. तोंड एका बाजूला ओढलेलं. ओठाच्या त्या ओघळत्या कोपऱ्यावर माशी बसली होती.

थोरला पुढे झाला आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागला. त्या हालचालीत इतकी सवय होती, की बाकी सगळं धाकट्याला एकदम कळलं. गायी का बरबटल्यात, शेण का साठलंय, हा माणूस दिवसभर काय करतो, ते सगळं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"उन्हाळा लागला तेव्हापासून. अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, उजवीतही जोर उरला नाही. पाठीला जखमा झाल्यात. नर्स येऊन पट्टी बदलते, पण माश्या…" थोरला थांबला. "मच्छरदाणीत तिचा जीव गुदमरतो. खिडकी उघडली की या येतात. बंद केली की उकाडा. मी हललो की हिच्या तोंडावर बसतात. गायींकडे जायला होत नाही रे."

"मला कळवलं का नाहीस?"

थोरल्याने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

पलंगावरून आवाज आला. जड, घसरणारा, पण तिचाच.

"कोण आलंय?"

"मी आहे, वहिनी."

तिने डोळे उघडले. उजवा पूर्ण, डावा अर्धा. बराच वेळ पाहिलं.

"म्हातारा झालास," ती म्हणाली. मग जरा दम खाऊन, "कशाला आलास? भांडायला?"

"हो," तो म्हणाला. खोटं बोलणं सुचलंच नाही.

तिच्या तोंडाचा चांगला कोपरा हलला. "मग भांड. मला ऐकू येतं अजून."

तिच्या कपाळावर माशी बसली. तिचा उजवा हात चादरीवर पडून होता. तो उचलायचा प्रयत्न तिने केला असावा, कारण बोटं किंचित थरथरली आणि पुन्हा निपचित झाली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "एवढी माणसं हाकली आयुष्यात. आता माशी हाकलता येत नाही."

तो वळला आणि तडक बाहेर पडला. मागून थोरल्याने हाक मारली, पण तो थांबला नाही. थोरल्याला वाटलं, गेला. गेला तसाच कायमचा.

तबेल्यात येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. बायको ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताईंना बरं नाही, असं मला दूधवाल्या बाईकडून कळलं होतं. मी सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, त्या घराचं नाव काढू नकोस."

त्याला आठवलं. जनावरांना पाणी दाखवत असताना तो तसं म्हणाला होता, मान वर न करता.

"माझंच चुकलं," बायको म्हणाली. "मी तुम्हाला न विचारता जायला हवं होतं." आणि ती शिडी काढायला गेली.

उरलेली दुपार ती दोघं तबेल्यातल्या जाळ्या उतरवत होती. चांगल्या, नव्या जाळ्या, जाड धाग्याच्या पण बारीक विणीच्या, वारा येऊ देणाऱ्या. दोन मोठे पंखे उतरवले. सगळं हातगाडीवर घातलं आणि वळसा घालून थोरल्याच्या दारात नेलं. थोरला बाहेर आला. त्याने शिडी धरली.

खिडक्यांतल्या चिंध्या काढून टाकल्या आणि तिथे जाळ्या ठोकल्या. दाराला दुहेरी जाळी लावली, एक ढकलून आत यायचं, ती मिटली की मग दुसरी. आत राहिलेल्या माश्या धाकट्याने एकेक करून मारल्या. सगळ्या. मग खिडक्या सताड उघडल्या, पंखा पलंगाच्या पायथ्याशी असा ठेवला की वारा तिच्या अंगावरून जाईल पण डोळ्यांना झोंबणार नाही. घोड्यांचे डोळे जपून जपून हा अंदाज त्याला आला होता.

खोलीत उजेड आला. वहिनी छताकडे पाहत होती.

"किती दिवसांनी वारा लागतोय, कुणास ठाऊक," ती म्हणाली.

जावेने तिचे केस विंचरायला घेतले.

खरं काम बाहेर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघा भावांनी ढिगाला हात घातला. फावड्याने उपसायचं, गाड्यात भरायचं, गाडा कवडी सोडून दुसऱ्या दोन घोड्यांना ओढायला लावायचा, आणि शेण लांब माळावर नेऊन पातळ पसरायचं, म्हणजे उन्हाने वाळतं आणि अळी जगत नाही. किती दिवस लागले ते कुणी मोजलं नाही. सुरुवातीला ते फक्त कामापुरतं बोलत. "तो कोपरा." "गाडा भरला." "पाणी पी." मग थोरला एकदा फावडं टेकवून म्हणाला, "तुझे घोडे उपयोगाला आले शेवटी."

धाकट्याने मान वर केली. पूर्वीचा असता तर तेवढ्यावरून वर्षभराचं भांडण काढलं असतं. त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं, की हा माफी मागतोय. त्याला याहून बरी येत नाही.

"हौस म्हणून पाळलेत," तो म्हणाला. थोरला हसला. त्या आवारात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

ढीग हटला तशा माश्या ओसरल्या. एकदम नाही, आधी जन्मलेल्या होत्याच. पण हळूहळू तबेल्यातले पाय आपटल्याचे आवाज कमी झाले. कवडी डोळ्यात औषध घालू देऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पाहिलं आणि सांगितलं, डोळा राहील, पण फूल पूर्ण जाणार नाही. त्या डोळ्याने तिला धुक्यातून पाहावं तसं दिसेल. जरा आधी बोलावलं असतं तर, असं त्या म्हणू लागल्या होत्या, पण त्याचा चेहरा पाहून थांबल्या.

तो रोज दुपारी वहिनीशेजारी बसायला जाऊ लागला, म्हणजे थोरल्याला गायींकडे जाता येई. तिच्या पाठीच्या जखमा आता सुकत होत्या. मनात आलं तर ती बोले, नाहीतर डोळे मिटून वारा घेत पडे. एका दुपारी त्याने धीर केला.

"वहिनी, त्या दिवशी मी जे बोललो…"

"पुन्हा पुन्हा तिथेच काय बसतोस?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, डोळे न उघडता, "'बाहेरच्या' म्हणालास ते मी विसरले होते. रागात माणूस म्हणतो. पण 'तुम्ही' म्हणालास. ते 'तुम्ही' फार लागलं रे मला."

त्याने तिचा निर्जीव हात हातात घेतला. वजनाला तो एखाद्या पाखराइतका होता.

"अगं वहिनी," तो शेवटी म्हणाला.

"हं," ती म्हणाली. "आता बरं वाटलं." आणि झोपली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. हवा पालटली, छातीत कफ भरला, आणि एका सकाळी, थोरला तिला पाणी पाजत असतानाच, ती गेली. धाकटा पोचला तेव्हा खिडक्या उघड्या होत्या, पंखा चालू होता आणि तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, एकही माशी नाही, वेदनाही नाही. थोरला पुठ्ठा हातात नसतानाही हात हलवत होता. धाकट्याने तो हात धरला आणि खाली ठेवला. मग त्याने उठून पंखा बंद केला. खोलीत पहिल्यांदाच पूर्ण शांतता झाली, आणि ती सहन न होऊन त्याने तो पुन्हा लावला.

वहिनीची मुलगी सासरहून, लांबून आली, रडली, चार दिवस राहिली, बापाला सोबत चल म्हणाली. थोरला नाही म्हणाला. गायी कोण बघणार? मुलगी निघाली तेव्हा काकाच्या पाया पडली आणि "बाबांकडे लक्ष ठेवा" एवढंच म्हणाली.

भिंत तशीच आहे. पाडू पाडू म्हणतात, पण तिच्या आधाराने दोन्हीकडची छपरं उभी आहेत. लांबचा वळसा घालूनच जातात-येतात.

थंडी पडायला लागली तेव्हा थोरल्याची एक गाय अडली. वासरू आडवं होतं. इतकी वर्षं अशा वेळी वहिनी गायीची मान धरून तिच्याशी बोलत बसायची, आणि थोरला मागे काम करायचा. त्याने भिंतीजवळ येऊन हाक मारली. धाकटा गेला. त्याने मान धरली. बोलायचं काय ते त्याला कळेना, म्हणून तो घोड्यांशी बोलायचा तसंच काहीबाही बोलत राहिला. गायीला ते चाललं. ऊन वर आलं तेव्हा वासरू बाहेर पडलं, कालवड होती, ओली, थरथरती, पाय कुठे टाकावे हे न कळणारी.

थोरला तिथेच पेंढ्यात बसला. दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले.

"ती असती तर नाव ठेवलं असतं," तो म्हणाला.

"हो," धाकटा म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बसला.

कालवड दोनदा पडली. तिसऱ्यांदा उभी राहिली, आणि आईच्या पोटाकडे तोंड करून धडपडत चालू लागली.